भिंतीवरचा पाचवा कोनाडा

आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी झाले त्यात माझ्या कर्तबगारीचा भाग फारसा नव्हता. वार्षिक सभेत मीच सगळ्यांत जास्त बोलत होते. बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ते पद माझ्या गळ्यात बांधलं. आधीचे सेक्रेटरी इतक्या घाईने किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवून निघाले, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

चेन्नईतल्या वेलचेरीतली आमची इमारत साधीच. खाली गाड्या, वर तीन मजले, गच्चीवर टाक्या. राहणाऱ्यांत निम्मे लोक माझ्यासारखे शोळिंगनल्लूरच्या ऑफिसांत जाणारे, निम्मे त्यांचे आईवडील. मी मूळची सांगलीची. नवऱ्याची बदली झाली म्हणून दोन वर्षांसाठी आले आणि इथलीच होऊन बसले. तमिळ मला कामापुरतं येतं, म्हणजे भांडणापुरतं. प्रेमाने बोलायची वेळ आली की व्याकरण दगा देतं, म्हणून माझ्याबद्दल इथे जरा वेगळंच मत झालेलं आहे. ते अगदीच चुकीचं आहे असंही नाही.

सगळं ठीक होतं, एक रस्त्याकडची भिंत सोडून. स्टेशनकडे जाणारा रस्ता तिच्या कडेने जातो आणि शेअर ऑटो नेमक्या तिच्यासमोर थांबतात. त्यामुळे पुरुषवर्गाला ती भिंत फार सोयीची. ‘येथे लघवी करू नये’ अशी पाटी आम्ही तमिळमध्ये लावली, इंग्रजीत लावली. शेवटी मी हट्टाने एक मराठीतही लावली. ती वाचणारं त्या रस्त्यावर कोणीच नव्हतं, पण मला बरं वाटलं. पाट्यांचा परिणाम एवढाच झाला, की येणाऱ्यांना नेम धरायला काहीतरी मिळालं.

त्या भिंतीचा एकच तुकडा कायम स्वच्छ असायचा. फाटकाजवळचा, करंजाच्या झाडाखालचा. तिथे इस्त्रीवाली अक्का उभी असायची. चार चाकांची हातगाडी, तिच्यावर जुनी चादर पसरलेली, कोळशाची जड पितळी इस्त्री आणि बाजूला कपड्यांच्या गाठोड्यांची रांग. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा ती भिंतीला पाठ आणि रस्त्याला तोंड करून उभी. मध्येच पाठ भरून आली की भिंतीला टेकायची. ती टेकायची त्या जागी भिंतीचा चुना घासून गुळगुळीत झाला होता. कोणाच्या मुलीचं ठरलं, कोणाकडे गॅस संपला, कोणता भाडेकरू भाडं न देता सटकायच्या बेतात आहे, हे सगळं तिला आधी कळायचं. ती जागा स्वच्छ का राहते हा प्रश्न मला कधी पडला नाही. सेक्रेटरीला जे प्रश्न पडायला हवेत ते सोडून मला बाकीचे सगळे पडत.

चेन्नईत या दुखण्यावर एक ठरलेलं औषध आहे. भिंतीवर देवांच्या चकचकीत टाइल्स बसवायच्या. एक पिल्लैयार म्हणजे गणपती, एक मुरुगन म्हणजे कार्तिकेय, शेजारी वेळांकण्णीची माता म्हणजे मेरी, तिच्याशेजारी चांद आणि मिनार. कोणत्याही धर्माचा माणूस आला तरी चेनला हात घालताना त्याला कोणीतरी ओळखीचं दिसतं आणि तो पुढे चालू पडतो. महापालिकेला जे जमत नाही ते असं सगळे देव मिळून करतात. मला ती युक्ती पसंत होती, पण त्या टाइल्स पाहवत नसत. सगळ्या देवांचे गाल गुलाबी आणि चेहऱ्यावर एकच भाव, पासपोर्टच्या फोटोसारखा. मी ठरवलं, आपल्या भिंतीवर देव येतील, पण हाताने काढलेले येतील. कारण काढणारा माणूस आमच्याच पहिल्या मजल्यावर राहत होता.

त्यांना सगळी इमारत मास्टर म्हणायची. अड्यारच्या एका शाळेतून चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, बायको गेल्यापासून एकटे. घरात तंजावरी चित्रं काढत बसलेले असत. फळीवर कापड, कापडावर खडू आणि डिंकाच्या लगद्याने उठवलेली महिरप, तिच्यावर सोन्याचा वर्ख आणि काचेचे खडे. त्यांचे पूर्वज मराठे राजांबरोबर तंजावरला आले ते तिकडचेच झाले. घरात मराठी टिकलं, पण ते असं, की पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं एखादी बखर उठून बोलायला लागली. जिन्यात मला फोनवर आईशी बोलताना ऐकून ते थांबले आणि म्हणाले, “तुम्ही आमचीं कीं. येवा, काफी घेवा.” बोलणं मराठी आणि चाल सगळी तमिळ. मी तेव्हापासून त्यांच्याकडे कॉफीला जाते. माझ्या मराठीत इंग्रजी फार आहे असं त्यांचं मत. त्यांच्या मराठीत तमिळ किती आहे हे मी त्यांना कधी मोजून दाखवलं नाही.

ही चित्रकला आपल्या मराठ्यांनी वाढवली, असं मी एकदा त्यांच्यासमोर छाती फुगवून म्हणाले होते. त्यांनी ब्रश धुता धुता मला विचारलं, की राजे सिंहासनावर बसले होते हे खरं, पण डिंक कोणी कुटला? त्या दिवसापासून मी त्यांच्यापुढे इतिहास बोलत नाही.

भिंत रंगवायला ते सहज तयार झाले नाहीत. सोन्याचा वर्ख उघड्यावर टिकत नाही, खडे लोक काढून नेतात, आणि जी कला देवघरासाठी आहे ती लोकांचं मुतणं थांबवायला वापरायची का, हा त्यांचा खरा सवाल होता. शब्द त्यांनी सभ्य वापरला, अर्थ हाच. मी त्यांना म्हटलं, जुन्या देवळांच्या बाहेरच्या भिंतींवरही मूर्ती असतातच ना? रस्त्याने जाणाऱ्या माणसाने नीट वागावं म्हणूनच असतील. ते हसले. उत्तर त्यांना पटलं नव्हतं, पण मी एवढा विचार केला याचं त्यांना कौतुक वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी ते काठी घेऊन भिंत बघायला खाली उतरले.

मग समितीची सभा झाली. कोणते देव, यावर दोन तास गेले. मी गणपती सुचवला, तर चार जणांनी मला समजावलं की पिल्लैयार मुळात इथलाच. कोणीतरी म्हणालं मुरुगन नसेल तर ती भिंत तमिळ कशी? तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाला माता हवी होती. दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, आमच्याकडून चित्र नको, मिनार आणि चंद्रकोर पुरे, फक्त खिडक्या सुबक काढा. पाचवी अम्मन, देवी. तिच्यावर मात्र सगळ्यांचं लगेच एकमत झालं, कारण तिचा राग सगळ्यांना माहीत होता.

मी टेप घेऊन भिंत मोजली आणि पाच कोनाडे आखले. सगळे सारख्या रुंदीचे, सारख्या अंतरावर. या कामात मला जो आनंद झाला तो सांगण्यासारखा नाही. भिंतीवर पूर येऊन गेल्याची मातकट रेघ अजून आहे. मास्टर ती रेघ बघून म्हणाले, देवांचे पाय हिच्या वर पाहिजेत. माझ्या आराखड्यात एवढाच बदल झाला. पाचवा कोनाडा फाटकाजवळ आला, करंजाखाली. तिथे अक्काची गाडी असते हे मला दिसत होतंच. रंग वाळेपर्यंत समोर जा, असं मी तिला सांगितलं आणि ती मान डोलावून गाडी रस्त्यापलीकडे घेऊन गेली. तिकडे विजेचा ट्रान्सफॉर्मर आहे, झाड नाही.

काम सुरू झालं आणि रस्त्याचं रूपच बदललं. मास्टरांनी वर्खाऐवजी सोनेरी रंग घेतला आणि लगद्याऐवजी भिंतीला लावायची पुट्टी. त्या पुट्टीने मास्टर महिरपी, मुकुट, दागिने उठवत. सकाळी सहा ते नऊ, उन्हं चढायच्या आत. स्टुलावर बसलेले मास्टर आणि मागे बघ्यांची गर्दी. शेअर ऑटोवाले गिऱ्हाईक सोडून सल्ले देत. मुरुगनाच्या मोराची मान लहान झाली असं एकाने सांगितलं आणि ती खरंच लहान होती, मास्टरांनी ती वाढवली. मी ऑफिसला जाताना पाच मिनिटं थांबायचे ती वीस मिनिटं व्हायची. एवढी खूश मी कित्येक वर्षांत नव्हते.

तंजावरी चित्रात डोळे सगळ्यांत शेवटी. अंगभर दागिने चढले तरी चेहरा आंधळा ठेवतात. मग चांगला दिवस बघून, अंघोळ करून, बारीक ब्रशाने बुबुळं भरायची. त्या क्षणापासून ते चित्र राहत नाही. एका शुक्रवारी सकाळी मास्टरांनी पिल्लैयाराचे, मुरुगनाचे आणि मातेचे डोळे उघडले. मिनारांना डोळे नव्हते, तर त्यांनी त्याच ब्रशाने त्यांच्या खिडक्यांत एकेक पिवळा दिवा लावला. शिक्षिकाबाईंनी ते बघितलं आणि पदराने डोळे पुसले. सगळ्यांनी हरभऱ्याची उसळ खाल्ली. अम्मनचे डोळे आडी महिन्यातल्या शुक्रवारी उघडायचे असं ठरलं. हा महिना देवीचा, आपल्या आषाढ-श्रावणाच्या आसपास येतो. अंगाने ती पुरी झाली होती. चार हात, उंच मुकुट, लाल लुगडं. पाचांत तीच सगळ्यांत देखणी आली होती आणि मास्टरांनाही ते माहीत होतं.

त्या आठवड्यापासून भिंत कोरडी झाली. एकही माणूस तिच्याकडे तोंड करून उभा राहिला नाही. मी समितीला पत्र लिहून कळवलं, त्यात ‘शंभर टक्के’ हा शब्द दोनदा वापरला.

मग एका सकाळी अम्मनच्या पायाशी एक जुनं कॅलेंडर दिसलं. लक्ष्मीचं चित्र असलेलं, गेल्या वर्षीचं. दुसऱ्या दिवशी काच फुटलेली व्यंकटेशाची तसबीर. मग पोपडे उडालेला मातीचा पिल्लैयार, सुकलेले हार, कोणाच्या तरी नव्या घराच्या मुहूर्ताची पत्रिका, तिच्यावरही देव छापलेला. माझ्या लक्षात आलं ते फार उशिरा. देवाचं चित्र कचऱ्यात टाकता येत नाही, ही अडचण घराघरांत असते. इथे लोक ते झाडाखाली किंवा देवळाच्या कोपऱ्यात ठेवून येतात. आता आमच्या भिंतीशी देवही होते आणि झाडही. सगळ्या वेलचेरीतले निवृत्त देव आमच्या दारात जमायला लागले. कचरा नेणाऱ्या बायकांनी ढिगाला हात लावायला साफ नकार दिला. आणि ढीग दिसला की त्याच्या आडोशाला लोक कचऱ्याच्या पिशव्याही ठेवतात, तशा त्या आल्या.

मी पहारा द्यायला लागले. सकाळी ऑफिसच्या आधी अर्धा तास, कमरेवर हात ठेवून. एक आजोबा पिशवीत तसबीर घेऊन आले, मला बघून कॉलनीला फेरी मारून आले, तरी मी तिथेच. शेवटी त्यांनी ती तसबीर माझ्याच हातात दिली, नमस्कार केला आणि गेले. सरस्वती होती. ती आजही माझ्याकडे आहे, कारण मीही ती कुठे टाकू?

या पहाऱ्यातच मी समोर नीट बघितलं. अक्का अजून ट्रान्सफॉर्मरपाशीच होती. रंग वाळून महिना होत आला होता. डोक्यावर ओला टॉवेल, हातात निखाऱ्यांची इस्त्री, वर ऊन. गाठोड्यांची रांग निम्मी झाली होती, कारण आमच्या इमारतीतल्या आजीआजोबांना रस्ता ओलांडून कपडे नेणं जमत नव्हतं. आदल्या दिवशी दुपारी तिला चक्कर आली होती आणि शेअर ऑटोवाल्याने पाणी मारलं, हे मला त्या ऑटोवाल्याकडून कळलं. ती पुढच्या महिन्यात गाडी विकून गावाकडे बहिणीकडे जायचं म्हणत होती, हेही. इमारतीतल्या सगळ्या बातम्या जिच्याकडून कळायच्या तिची बातमी सांगायला मात्र दुसरा माणूस लागला.

मला आधी राग आला. माझा राग असा आहे, की काही सुचेनासं झालं की आधी तोच येतो. मी तरातरा रस्ता ओलांडला आणि माझ्या भांडणाच्या तमिळमध्ये तिला विचारलं, की रंग वाळला, तुला सांगितलं होतं परत ये म्हणून, मग इथे उन्हात कोणाला दाखवायला उभी आहेस? तिने इस्त्री बाजूला ठेवली. ती चिडली नाही, उलट मलाच समजावायच्या सुरात बोलली.

“सामीला पाठ दाखवून मी दिवसभर कशी उभी राहू, अम्मा? आणि तिच्याकडे तोंड केलं, तर तिच्यासमोर लोकांच्या पँटी झटकू?”

हे मला सुचलंच नव्हतं. देवाकडे पाठ करू नये हे मला लहानपणापासून शिकवलेलं, देवळातून मी अजूनही चार पावलं उलटी चालून बाहेर येते. पण भिंत मोजताना मी फक्त भिंत मोजली. मी तिला विचारलं, हे तेव्हाच का नाही सांगितलंस?

ती म्हणाली, “तुम्ही देवीला आणत होता. तिला नको म्हणायला मी कोण?”

मला इतकी लाज वाटली की तिच्या डोळ्याला डोळा भिडवेना. त्या भिंतीचा एकच तुकडा इतकी वर्षं का कोरडा होता, तिथे कोणी कचरा का टाकत नव्हतं, हे मला त्या ट्रान्सफॉर्मरखाली उभं राहून कळलं. सकाळी आठपासून तिथे कोणीतरी उभं होतं, येणाऱ्याजाणाऱ्याला ओळखत होतं. भिंत राखायला मी पाच देव बसवले आणि ती जी राखत होती तिला उठवलं.

यानंतरचे तीन दिवस मी नुसत्या युक्त्या काढत होते. अम्मनसमोर पडदा लावू म्हटलं, तर समिती म्हणाली देवीला पडदा म्हणजे काहीतरी अशुभ झाल्यासारखं दिसेल. गाडी आडवी लावून बघितली, तर निम्मा रस्ता अडला आणि शेअर ऑटोवाल्यांनी बोंब मारली. भिंत परत चुन्याने रंगवून टाका असं मी म्हणाले, तेव्हा सभेत कोणी माझ्याकडे बघेना. आमचा रंगारी तर हात जोडून म्हणाला, मेडम, पाहिजे तर तुमची सगळी इमारत फुकट रंगवतो, पण अम्मनवर चुना माझ्याने होणार नाही. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ब्रश माझ्या हातात दिला असता तर मीही परत केला असता. आणि अम्मनचे डोळे उघडायचा शुक्रवार चार दिवसांवर आला होता.

मी मास्टरांकडे गेले ती कॉफीसाठी नाही. मी त्यांना सगळं सांगितलं, अक्काचं, गावाला जाण्याचं, माझ्या टेपचं. बोलता बोलता मला रडू आलं, आणि मला रडू आलं की मी अजून जोरात बोलते. मास्टर शांतपणे ऐकत होते. मग मला आठवलं की याआधी दोन शुक्रवार येऊन गेले होते आणि दोन्ही वेळा त्यांनीच टाळलं होतं. एकदा म्हणाले डोळ्यांत औषध घातलं आहे, एकदा म्हणाले हवा ओली आहे. मी मनात चिडले होते, म्हाताऱ्याला आता झेपत नाही असंही मनात आलं होतं.

ते म्हणाले, “डोळे उघडले म्हणजे देव, अम्मा. तोंवर अस्का रंगच कीं.”

अस्का म्हणजे सगळा, एवढं त्यांचं मराठी मला आता कळत होतं. ते खिडकीशी गेले. त्यांच्या खिडकीतून रस्ता दिसतो, ट्रान्सफॉर्मर दिसतो, टॉवेल बांधलेलं डोकं दिसतं.

“मी थांबूनच होतों,” ते म्हणाले. “तुम्हांला दिसेल म्हणोन.”

मला कोणी एवढ्या हळू आवाजात कधी ओरडलं नाही. मी विचारलं, मग तुम्हीच का नाही सांगितलं? यावर त्यांचं म्हणणं असं, की चित्र त्यांचं असलं तरी भिंत सगळ्यांची, आणि भिंतीची सेक्रेटरी मी. शाळेत असताना मुलाचं चित्र चुकलं तर ते कधी त्याच्या कागदावर स्वतःची रेघ मारत नसत. शेजारी उभे राहत आणि वाट बघत. बहुतेक मुलांना दिसायचं, म्हणाले. मी पन्नाशीच्या पुढची, मला दिसायला महिना लागला.

दुसऱ्या दिवशी सहाला ते स्टूल घेऊन खाली आले. बघे नेहमीप्रमाणे जमले, पण या वेळी कोणी सल्ला देईना. मास्टरांनी आधी हात जोडले, मग पटाशी घेऊन अम्मनचा मुकुट खरवडायला सुरुवात केली. त्यांच्या हातचं सगळ्यांत सुंदर काम ते स्वतःच काढत होते आणि त्यांचा हात जराही अडखळत नव्हता. माझा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. एक बाई म्हणाली, देवी कोपेल. मास्टर मागे न बघता म्हणाले, देवी अजून आलीच नाही, तर कोपेल कोण?

मुकुट गेला आणि तिथे सैल अंबाडा आला, त्यात मोगऱ्याचा गजरा. वरच्या दोन हातांचं काय करणार याची सगळ्यांना उत्सुकता होती. मास्टरांनी बोटं लांबवत नेली, त्यांना पानं फुटवली आणि त्या करंजाच्या फांद्या झाल्या. शस्त्रं पानांत गेली. लाल लुगडं तसंच राहिलं, फक्त नेसायची तऱ्हा बदलली. खालच्या उजव्या हातात त्रिशूळ होता. त्याच्या जागी एक पितळी इस्त्री आली, तिच्या भोकांतून निखाऱ्याचा तांबडा उजेड. डाव्या हातात घडी घातलेला शर्ट. महिरप होती तशीच राहिली, सोनेरी, पाचांत सगळ्यांत भरघोस.

जुन्या देवळांतही हे असतं, असं मास्टरांनी समितीला सांगितलं. गाभाऱ्याबाहेर हातात दिवा धरून बाई उभी असते. ती देवी नसते, दिवा लावणारी असते. तिला पाठ लागली तर पाप नाही. समितीने ठराव मंजूर केला. ठरावात मी काय लिहिलं ते सांगत नाही, पण या वेळी टक्केवारी नव्हती.

शुक्रवारी सकाळी मास्टरांनी अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, बारीक ब्रश घेतला. अक्का रस्त्यापलीकडे उभी होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण इतके दिवस समोरून ती बघतच होती. मी जाऊन तिला हाताला धरून आणलं. मास्टरांनी तिच्याकडे एकदा बघितलं, भिंतीकडे वळले आणि डोळे भरले. जरा बारीक, डावा किंचित मिटल्यासारखा, धुरामुळे तिचा असतो तसा.

अक्काने भिंतीवरच्या बाईला पायापासून गजऱ्यापर्यंत न्याहाळलं. मग तिने विचारलं, की दागिने एवढे कशाला घातले, लोक म्हणतील हिचं बरं चाललंय. सगळे हसले. तिने खांद्यावरचा पदर सारखा केला, मागे सरकली, आणि इतकी वर्षं जिथे टेकायची तिथेच पाठ टेकली. काही होतंय का ते बघत असल्यासारखी क्षणभर थांबली. काही झालं नाही.

“स्वतःच्या अंगाला टेकायला कसलं पाप,” ती म्हणाली, आणि ऑटोवाल्यांना गाडी ढकलायला हाक मारली.

गाडी आली त्याच दिवशी तिने पायाशी साचलेले देव आवरले. चित्रं मोजून एका पोत्यात भरली आणि पुढच्या अमावस्येला समुद्रावर जाणाऱ्या कोणाकडे तरी सोपवली. त्यानंतर ते सरस्वतीवाले आजोबा पुन्हा पिशवी घेऊन आले होते म्हणे. तिने त्यांना त्यांच्या सुनेचं नाव घेऊन हाक मारली, तेव्हा ते तसेच मागे फिरले. मी पहारा सोडला. सकाळचा अर्धा तास आता मी मास्टरांकडे कॉफी पिण्यात घालवते.

परवाचीच गोष्ट. मी फाटकातून बाहेर पडत होते आणि एक अनोळखी माणूस स्टेशनकडून चालत येत होता. पायातल्या चपला काढून तो भिंतीच्या कडेने निघाला. पिल्लैयाराला नमस्कार, मुरुगनाला नमस्कार, मातेला, मिनारांना कपाळाला हात लावून. पाचव्या कोनाड्यापाशी आला, तर समोर अक्का. भिंतीवर ती, भिंतीपुढे ती, दोघींच्या हातात इस्त्री. तो जरा गोंधळला आणि मग त्याने इथेही हात जोडले, डोळे मिटून, घाई न करता. अक्काचा इस्त्रीचा हात तसाच हवेत राहिला. तो गेल्यावर तिने मला बोलावून हळूच विचारलं, की त्याला जाऊन सांगायला हवं का, ही देवी नाही म्हणून?

मी म्हटलं, राहू दे. आणि तिच्या हातातली इस्त्री बाजूला ठेवायला लावली, कारण निखारा पडला असता तर खालचा शर्ट माझ्या नवऱ्याचा होता.